नव्वद वॅट

भावोजींचं आणि माझं भांडण ज्या दिवशी उघडं पडलं, त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. गिऱ्हाइकं नसती तर भांडण घरातल्या घरात मिटलं असतं, निदान मिटल्यासारखं दिसलं असतं.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. आमच्या नात्यातला एकही माणूस त्यांच्याशिवाय दुसरीकडून साधा माउससुद्धा घेत नाही. घेतला तर ते कळतं, आणि कळलं की ताई आठवडाभर फोन उचलत नाही. त्यामुळे माझा जुना लॅपटॉप मेला तेव्हा नवा कुठून घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. कोणता घ्यायचा एवढाच होता, आणि त्याचं उत्तर मी घरून काढून नेलं होतं.

मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर रंगाचा दाटपणा मोजायचा, पत्र्यावर पट्टे ओढायचे, भट्टीतून काढून पापुद्रे निघतात का बघायचं. संध्याकाळी साडेसहाला मी पाच जणांच्या संघात ऑनलाइन खेळते. खेळ पूल राखण्याचा आहे. चौघं पुलावर लढतात आणि एक जण मागच्या मनोऱ्यावरून लांबवर नजर ठेवून कोण कुठून येतंय ते ओरडून सांगतो. तो एक जण मी. एका महिन्यावर निवड स्पर्धा होती आणि आमच्या संघाचा कर्णधार, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, पाच नावं त्याच्या बरीच आधी, एका रविवारी पक्की करणार होता. मनोऱ्यावरच्या जागेसाठी आणखी एक जण टपून होता. त्याला आम्ही पोपट म्हणायचो, कारण तो मास्तरचं प्रत्येक वाक्य परत म्हणायचा.

भावोजींनी काउंटरवर एक पातळ, चंदेरी लॅपटॉप ठेवला आणि कळफलकाचे दिवे लावून दाखवले. लाल, मग जांभळे, मग हिरवे.

"डोळे झाकून हाच घे," ते म्हणाले. "गेमिंगवाल्या पोरांमध्ये हाच चालतो."

"मला दुसरा हवाय." मी कागद पुढे केला. "हा जाड. काळा."

"हा? हा ठोकळा? अगं, हा उशाला घेऊन झोपायचा की काय?"

एक गिऱ्हाईक हसलं.

"भावोजी, दोन्हीत ग्राफिक्सची चिप एकाच नावाची आहे. पण त्या पातळ्यात तिला पन्नास वॅटच मिळतात, ठोकळ्यात पंच्याण्णव. नाव एक असलं तरी काम एक नाही. शिवाय ठोकळ्यात रॅमची दुसरी पट्टी बसवता येते, पातळ्यात रॅम बोर्डलाच चिकटवलेली आहे."

"चिप तीच, तर वेग तोच. पंधरा वर्षं दुकानात बसलोय मी."

"नाही, भावोजी. हे चूक आहे."

दुसरं गिऱ्हाईक तोच पातळ लॅपटॉप हातात घेऊन उभं होतं. त्याने तो काउंटरवर ठेवला, माझ्या कागदाकडे मान वाकवून पाहिलं, "विचार करून येतो," म्हणाला आणि गेला. परत आला नाही.

भावोजी फडक्याने काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती. "मागवतो तुझा ठोकळा," ते म्हणाले. "पण उद्या रडत आलीस तर ऐकून घेणार नाही, शास्त्रज्ञबाई."

चार दिवसांनी ठोकळा आला. खोकं आधीच उघडलेलं होतं. "चेक करून दिलाय," भावोजी म्हणाले. लॅपटॉपच्या झाकणावर, पिशवीवर आणि चार्जरवर त्यांच्या दुकानाचे पिवळे स्टिकर होते. ते गिऱ्हाइकाला विकलेल्या प्रत्येक वस्तूवर स्टिकर लावतात. ताईच्या मिक्सरवरही आहे.

पहिल्या सरावात पहिली फेरी अशी गेली की मला गाणं म्हणावंसं वाटलं. एका फेरीला पंचवीस मिनिटं, मध्ये पाच मिनिटं सुट्टी, अशा तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत पलीकडच्या टेकडीवर गवत हललेलं मला दिसत होतं. दुसऱ्या फेरीत चौदाव्या मिनिटाला सगळं अडखळलं. माणसं चालायची थांबली आणि एका जागेवरून गायब होऊन दुसऱ्या जागी उगवू लागली. मी "डावीकडून दोन" म्हणाले तोवर ते दोघं पुलावर पोचले होते.

"तू खेळतेयस की लग्नाचा अल्बम बघतेयस?" हेडफोनमध्ये मास्तर कडाडला.

"अल्बम बघतेय," पोपट म्हणाला. तो खेळतही नव्हता, नुसता ऐकत बसला होता.

"फ्रेम पडतायत. नवा लॅपटॉप आहे, बघते काय झालंय."

"बघ. रविवारी अकराला शेवटची चाचणी. तेव्हा असं झालं तर तू आपल्या घरी, आम्ही आपल्या घरी."

आई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला फ्रेम म्हणजे चष्म्याची किंवा फोटोची एवढंच माहीत. "काय पडलं?" तिने विचारलं. पडद्यावरची चित्रं मध्येच गळतायत, असं मी सांगितलं. तिने ताईला सांगितलं, ताईने भावोजींना, आणि जेवायच्या आधी भावोजींचा कुटुंबाच्या ग्रुपवर संदेश आला: 'ज्यांनी स्वतःच्या अकलेने ठोकळा घेतला त्यांचा ठोकळा बसला म्हणे.' त्याखाली मामाने हसरे चेहरे टाकले. काकूने टाकले. आईनेही एक टाकला.

"तू कशाला टाकलास?" मी आईला विचारलं.

"जावई आहेत ते."

दुसऱ्या दिवसापासून मी लॅपटॉपच्या मागे लागले. सगळे म्हणाले तापत असेल. मलाही तसंच वाटलं. मी मागची बाजू दोन खोडरबरांवर उचलून ठेवली, खालची जाळी ब्रशने साफ केली, वापरात नसलेले प्रोग्रॅम काढून टाकले, वीजबचतीची सेटिंग बदलली. रॅमची दुसरी पट्टी बसवली. ती मी भावोजींकडून घेतली नाही, एका सहकारी बाईंच्या पडून असलेल्या लॅपटॉपमधून मागून आणली. पहिली फेरी आणखी छान झाली. दुसऱ्या फेरीत चौदाव्या मिनिटाला पुन्हा तेच.

"आज निदान वेळेवर अडकलीस," मास्तर म्हणाला.

तो टोमणा मारत होता, पण मला तो उपयोगी पडला. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून बसले. तेरा मिनिटं चाळीस सेकंद. उष्णता इतकी वक्तशीर नसते. खिडकी उघडी असली, पंखा लावला, खोली गार असली की तिची वेळ सरकते. मी खोलीतला पंखा लावून खेळले, बंद करून खेळले. वेळ हलली नाही. चिपचं तापमान अडुसष्टवर होतं, म्हणजे तिला ताप नव्हताच. मग मी आकड्यांची यादी उघडली आणि तापमान सोडून बाकीचे आकडे बघायला लागले. बॅटरीच्या ओळीत लिहिलं होतं: चाळीस टक्के.

चार्जर लावलेला होता. बॅटरी भरायला हवी होती. ती रिकामी होत होती.

एवढं कळल्यावर उरलेलं गणित शाळेतलं होतं. खेळताना लॅपटॉप दीडशे वॅट खात होता. चार्जरमधून जेवढे कमी येत होते तेवढे तो बॅटरीतून ओढत होता, आणि बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा गळा आवळत होता. मी लॅपटॉप उलटा केला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वीस व्होल्ट, नऊ अँपिअर. एकशे ऐंशी वॅट. मग चार्जर हातात घेतला. त्यावरची माहिती नेमकी पिवळ्या स्टिकरखाली होती. मी नखाने स्टिकरचा कोपरा सोडवला. वीस व्होल्ट, साडेचार अँपिअर.

नव्वद.

शुक्रवारी प्रयोगशाळेतून तासभर लवकर निघून मी दुकानात गेले. त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. भावोजी एका प्रिंटरचं पोट उघडून बसले होते.

"आली का रडत?" वर न बघता ते म्हणाले.

"हा चार्जर या लॅपटॉपचा नाही."

"पिन बसते ना?"

"पिन बसते."

"पिन बसली की चालतं." त्यांनी पायाने खालचा खण ओढला. त्यात तीसेक चार्जर वेटोळे घालून पडले होते. जाड पिनांचे एका बाजूला, बारीक पिनांचे एका बाजूला, चौकोनी एका बाजूला. वॅटप्रमाणे काहीच लावलेलं नव्हतं. "बघ. पंधरा वर्षं याच पद्धतीने चाललंय. एकाची तक्रार नाही."

क्षणभर मला वाटलं, माणूस खरोखर असंच समजतो. पिन बसली म्हणजे जमलं. मग चूक होती, लबाडी नव्हती. चुकीवर मी इतकी चिडले नसते.

"मग याच्याबरोबर आलेला मूळ चार्जर कुठाय?"

"तो व्हिडिओवाल्याला दिला. कायमचं गिऱ्हाईक आहे, त्याचा हरवला होता. आधी त्याला हा दिला होता, पण त्याचं मशीन नव्वदवर सारखं बंद पडत होतं, म्हणून—"

ते थांबले. स्क्रू ड्रायव्हर प्रिंटरच्या पोटात तसाच राहिला.

"म्हणून?" मी म्हणाले.

"म्हणून बदलून दिला."

"म्हणजे नव्वदवर चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं. त्याच्याकडून परत आलेला चार्जर तुम्ही माझ्या खोक्यात घातलात आणि आकड्यावर स्टिकर लावलात."

"स्टिकर मी सगळ्यांवरच लावतो."

"आकड्यावर?"

"ए, आवाज खाली." ते उठून काउंटरपाशी आले. "तू त्या दिवशी लोकांसमोर मला काय म्हणालीस? 'हे चूक आहे.' माझ्या दुकानात उभी राहून. तो माणूस गेला ना निघून? दहा जणांना सांगितलं असेल त्याने, दुकानदारालाच कळत नाही म्हणून. तुला त्याचं काय!"

"ते चूकच होतं."

"असू दे ना चूक! आत येऊन सांगता येत नव्हतं? कागद घेऊन आली, तपासनीस!" त्यांचा चेहरा लाल झाला होता. पहिल्यांदाच ते माझ्याशी खरं बोलत होते. मला पाण्यात बघत होते, आणि आता ते लपवायचीही गरज त्यांना वाटत नव्हती.

"रविवारी माझी चाचणी आहे. मला माझा चार्जर हवाय."

ते परत खुर्चीवर बसले आणि थोडे सैलावले. माझ्याकडून काय वसूल करता येईल हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "उद्या व्हिडिओवाल्याकडून आणून देतो. त्यात काय. पण आधी ग्रुपवर लिही. 'निवड माझी चुकली, भावोजींनी लॅपटॉप दुरुस्त करून दिला.' एवढंच. दोन ओळी."

"निवड चुकलेली नाही. आणि तुम्ही काही दुरुस्त केलेलं नाही."

"मग खेळ नव्वदवर."

घरी येईपर्यंत ताईचा फोन आला होताच. "दोन ओळी लिहायला तुझं काय जातं गं?"

"खोटं आहे ते."

"कोर्टात बसलीयेस का? घर आहे. इथे माझं नाक कापलं जातं. सासूबाई विचारतात, तुझी बहीण दुकानात येऊन भांडते का म्हणून."

"ताई, चार्जर त्यांनी बदलला."

"मला ते वॅटबिट सांगू नकोस. तू लिहिणार आहेस की नाही?"

"नाही."

तिने फोन ठेवला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हट्टी ती हट्टीच," आणि भांडं जरा जास्तच जोरात ठेवलं.

दुसरीकडून चार्जर मागवायचा तर तो बुधवारनंतर येणार होता. चाचणी रविवारी. मी कागद घेऊन बसले. चार्जर बदलता येत नव्हता, पण लॅपटॉपची भूक बदलता येत होती. साठ वॅट-तासांची बॅटरी. शंभरावरून चाळीस टक्क्यांपर्यंत उतरायला छत्तीस वॅट-तास हाताशी. लॅपटॉपने एकशे वीस वॅट खाल्ले तर बॅटरीवर तीसचाच भार येणार. म्हणजे एका फेरीला एकवीस टक्के खर्च आणि सुट्टीत पाच टक्के परत. तिसरी फेरी संपताना सत्तेचाळीस उरत होते. जमत होतं.

दीडशेचे एकशे वीस करण्यात अख्खा शनिवार गेला. फ्रेम सेकंदाला साठवर बांधल्या, कारण त्यापुढच्या मला दिसत नव्हत्या, फक्त वीज खात होत्या. सावल्या बंद. पाण्यावरची चमक बंद. प्रोसेसर उगाच उसळी मारत होता, त्याला लगाम घातला. पडद्याचा उजेड निम्मा केला. लांबचं गवत आणि लांबची माणसं तेवढी स्पष्ट ठेवली, कारण माझं काम लांब बघायचं होतं. संध्याकाळी आकडा एकशे एकोणीसवर थांबला. भावोजींनी मूळ चार्जर दिला असता तर मी हे कधीच शिकले नसते, असं मनात आलं. आभार मानावेसे मात्र वाटले नाहीत.

रविवारी अकराला सुरुवात झाली. पहिल्या फेरीत मी जे जे सांगितलं ते वेळेवर सांगितलं. दुसऱ्या फेरीतलं चौदावं मिनिट आलं आणि गेलं. मास्तर काही बोलला नाही. मास्तर बोलत नाही म्हणजे शाबासकी.

"आज अल्बम नाही वाटतं," पोपट म्हणाला.

"तू गप," मास्तर म्हणाला. पोपटाला हे परत म्हणता आलं नाही.

तिसरी फेरी संपली तेव्हा बॅटरी सत्तेचाळीसवर होती. कागदावर होती तेवढीच. मी पाठ टेकली.

"समोरच्यांशी बरोबरी झालीय," मास्तर म्हणाला. "चौथी फेरी. दोन मिनिटांत."

"दहा मिनिटं दे."

"का? नाश्ता करायचाय?"

"बॅटरी भरायचीय. चार्जर कमी पडतोय माझा."

"तो तुझा प्रश्न. पोपट तयार आहे."

"तयार आहे," पोपट म्हणाला.

दोन मिनिटांत दोन टक्के चढले असते. एकोणपन्नास. चाळीसच्या वर माझ्याकडे नऊ टक्के, म्हणजे साडेपाच वॅट-तासांच्या आत, आणि पंचवीस मिनिटं. भार तेरा वॅटच्या आत ठेवायचा. एकूण एकशे तीन. मी शंभर धरले. पडद्याचा उजेड शेवटच्या घरापर्यंत खाली नेला आणि चित्राचा बारकावा अर्ध्यावर आणला. समोरची टेकडी हिरव्या चिखलासारखी झाली. माणसं साबणाच्या झिजलेल्या वड्यांसारखी दिसायला लागली. कोण आपला, कोण परका ते आकारावरून कळेना.

मग मी आकार बघायचं सोडलं आणि हालचाल बघायला लागले. आमची माणसं पुलाकडे तोंड करून आडवी सरकायची. येणारी वडी मात्र जागची हलत नाही, नुसती मोठी होते. सहाव्या मिनिटाला चिखलातला एक ठिपका हलला नाही, पण वाढला.

"उजवीकडून एक. लांब आहे."

"मला तर काही दिसत नाही," मास्तर म्हणाला.

"एक आहे. आता दोन."

दोनच होते. त्या फेरीत मी तीनदा चुकले आणि अकरा वेळा बरोबर निघाले. शेवटी पूल आमच्याकडे राहिला. बॅटरी बेचाळीसवर होती.

"मनोऱ्यावर तूच," मास्तर म्हणाला. "आणि स्पर्धेपर्यंत ते भिकारडं मशीन फेकून दे."

"मशीन चांगलं आहे."

"मग तू भिकारडी आहेस," असं म्हणून तो निघून गेला.

हेडफोन काढून मी फोन उचलला. ग्रुपवर भावोजींनी सकाळीच लिहून ठेवलं होतं: 'शेवटी घरचाच माणूस कामी येतो. ठोकळा दुरुस्त करून दिला, आज आमच्या मेव्हणीची स्पर्धा आहे, सर्वांनी शुभेच्छा द्या.' मी लिहिणार नाही म्हटल्यावर त्यांनीच लिहून टाकलं होतं. खाली बावीस जणांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं. माझं कोणी नाही.

मी दोन फोटो टाकले. एक लॅपटॉपच्या पोटावरच्या आकड्यांचा, एक चार्जरवरच्या, अर्धवट सोललेल्या स्टिकरसकट. खाली एक ओळ लिहिली: 'मूळ चार्जर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेला आहे, अजून परत मिळालेला नाही.' यात एकही शब्द असा नव्हता जो मोजून दाखवता आला नसता.

मग मामाने विचारलं, 'म्हणजे माझ्या लॅपटॉपचा चार्जर पण बघायला हवा का?' काकूनेही तिच्या चार्जरचा फोटो टाकला. भावोजी ग्रुपमधून बाहेर पडले.

दुपारी ताईचा फोन आला.

"झालं समाधान?"

"हो," मी म्हणाले. ते खरं होतं.

"दुकानात मघापासून फोन येतायत. लोक म्हणतात, आमचं पण तपासून द्या."

"द्यायला हवं तपासून."

मागे तिच्या घरात कोणीतरी खण जोरात बंद केला. "यापुढे आमच्याकडे यायचं असलं," ती म्हणाली, "तर आधी फोन करून येत जा."

"बरं."

आईने त्या दिवशी माझ्याशी चहापुरतंच बोलून घेतलं. साखर आहे का, आहे. नवा चार्जर मी मागवला, दुसऱ्या गावाहून, स्वतःच्या नावावर. तो यायला सहा दिवस लागले. तोवर संघाचे चार सराव झाले आणि चारही मी एकशे एकोणीस वॅटवर खेळले.